आधी लाइट की आधी शटर?

नाटे गावात, यशवंतगडाच्या अंगानं खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक चिरेबंदी घर होतं. घरात दोन भाऊ, त्यांची आई, थोरल्याची बायको आणि थोरल्याचा दहा वर्षांचा मुलगा राहायचे. धाकटा साखरी नाटे बंदरातल्या एका बोटीवर खलाशी होता. थोरला हापूसच्या बागा करारानं घ्यायचा आणि स्वतःच्या पिकअपमधून आंबा वाशीच्या बाजारात पोचवायचा.

घराला लागून एक लांबट खोली होती. वडील होते तेव्हा तिथं जाळी, दोर आणि बोये असायचे. पुढं थोरल्यानं ती गाडीसाठी घेतली, समोरची भिंत काढून रुंद शटर बसवलं. आधी ते हातानं उघडायचं होतं. मग त्याला मोटर लागली आणि रिमोट आला. अंगणातून बटण दाबलं की शटर आपसूक वर जायचं. पोराला त्याची भारी मजा वाटे. वाटेनं जाणारे चार लोक थांबून बघत, थोरल्यालाही ते आवडे.

शटरच्या वरच्या पाइपवर डब्या असतात आणि त्या डब्यांत पोलादी पट्टीच्या स्प्रिंगा गुंडाळलेल्या असतात. शटर खाली येतं तशा त्या आवळत जातात. वर जाताना तोच ताण शटरला उचलतो. म्हणूनच शंभर किलोच्या घरातलं लोखंड थोरल्याची बायको पूर्वी एका हातानं वर ढकलायची. मोटर आली तरी खरा भार स्प्रिंगाच पेलत होत्या. पण त्या दिसत नव्हत्या. दिसत होता तो रिमोट. आणि खाडीवरून येणारा खारा वारा रात्रंदिवस त्या डब्यांत शिरत होता.

मोटर बसवताना फिटरनं आतल्या बाजूला लोंबणारी एक दोरी दाखवली होती. तिच्या टोकाला लाल गोळा होता. "लाइट नसली की ही ओढायची. मोटरीचा ब्रेक सुटतो, मग पूर्वीसारखं हातानं उचला," असं तो म्हणाला होता. पुढं आणखीही एक वाक्य तो बोलला होता, पण तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला होता.

2021 सालच्या मे महिन्यात तौक्ते वादळ अरबी समुद्रातून वर सरकू लागलं. बोटी बंदरात परतल्या. धाकटा घरी आला. बागवाल्यांनी हाताला लागेल तेवढा आंबा उतरवला, कारण झाडावर राहिला तर वाऱ्यानं मातीतच जाणार होता. थोरल्यानं शनिवारी संध्याकाळपर्यंत पिकअप भरली. उरलेले क्रेट खोलीतच मागच्या भिंतीला रचले. रविवारी, 16 तारखेला, वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून जाणार असं सांगत होते. झाडं पडून रस्ता बंद व्हायच्या आत राजापूर गाठायचं आणि हायवेला लागायचं, असा त्याचा बेत होता.

शनिवारी रात्री वारा वाढला. मध्यरात्रीच्या सुमारास खोलीच्या बाजूनं मोठा धाडकन आवाज झाला. आई उठून बसली.

"नारळ पडला असेल पत्र्यावर," थोरला कूस बदलत म्हणाला.

सगळे पुन्हा झोपले.

सकाळी पावसाची भुरभुर होती. आईनं वाटेत खायला चटणी-भाकरी द्यायची म्हणून मिक्सर लावला. थोरल्यानं अंगणात उभं राहून रिमोट दाबला. शटर हललं. नेहमीपेक्षा हळू हललं, मोटर घोगऱ्या आवाजात कण्हू लागली. कमरेइतकं वर गेल्यावर ते थांबलं. त्यानं पुन्हा दाबलं. काही झालं नाही. तो दिवा लावून बघायला पडवीत गेला, तर दिवा लागेना.

"गेली लाइट," तो म्हणाला. "हिला आत्ताच जायचं होतं!"

त्यानं आभाळाकडे बघितलं. दक्षिणेकडून ढग काळे होत येत होते. गाडीत महिनाभराची कमाई होती. त्याला ती लाल गोळ्याची दोरी आठवली. पण दोरी आत होती. खोलीला घरातून एक दार होतं, ते घराच्या बाजूला उघडायचं. मात्र त्याच्यापुढं आतल्या बाजूनं क्रेट रचलेले होते, छताला टेकतील इतके. ते त्यानंच रचले होते.

त्यानं शटरखालून वाकून बघितलं. गाडीचं तोंड शटरला लागूनच होतं. मोठ्या माणसाला आत सरकायला जागा नव्हती.

"ये रे इकडं," त्यानं पोराला हाक मारली. "तू बारीक आहेस. पोटावर सरपटत जा आणि ती दोरी ओढ. मी बाहेरून शटर धरतो."

पोराला केवढा आनंद झाला. रिमोट हातात मिळण्यापेक्षाही हे मोठं काम होतं. त्यानं चपला काढल्या, शर्ट वर खोचला आणि ओल्या लादीवर पालथा पडला. त्याचं डोकं शटरच्या तळपट्टीखाली जाणार एवढ्यात गडग्याच्या पलीकडून आवाज आला.

"हात नको लावू कशाला! पोराला मागं घे आधी!"

शेजारचा म्हातारा तांडेल गडगा ओलांडून येत होता. वय झालं होतं, गुडघे दुखत होते, पण त्या वेळी तो पोरासारखा चालत आला. त्यानं येताच नातवासारख्या त्या मुलाचा पाय धरला आणि त्याला बाहेर ओढून घेतलं. पोराचं कोपर खरचटलं. तो रडू लागला.

"काका, अहो काय हे?" थोरला चिडला. "लाइट गेली म्हणून शटर अडकलंय. दोरी ओढली की झालं. मला निघायला उशीर होतोय."

तांडेलानं त्याला उत्तर दिलं नाही. तो शटरपासून चार पावलं लांब, एका बाजूला उभा राहिला आणि खालपासून वरपर्यंत बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "आधी लाइट गेली, की आधी शटर थांबलं?"

"म्हणजे? लाइट गेली म्हणून तर थांबलं."

"बघितलंस तू?"

थोरला गप्प झाला. त्यानं बघितलं नव्हतं. त्याला तसं वाटलं होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई म्हणाली, "शटर आधी थांबलं. तुझं ते यंत्र कण्हायचं बंद झालं तेव्हा माझा मिक्सर चालू होता. खोबरं बारीक होत आलं होतं, तेव्हा लाइट गेली. चटणी भरड राहिली बघ."

तांडेल खिडकीकडे वळला. "रात्री काही आवाज झाला होता का गो, वहिनी?"

"झाला होता. हा म्हणाला, नारळ पडला."

"मग नारळ कुठाय?"

धाकटा पत्र्याखाली बघून आला. मागच्या बाजूलाही फिरून आला. झावळ्या पडल्या होत्या, करवंटीचा तुकडासुद्धा नव्हता.

तांडेल म्हणाला, "बोटीवर जाळं खडकात अडकतं आणि विंच ओढत राहतो, तेव्हा मी खलाशांना कुठं उभं करतो?"

"केबिनच्या मागं," धाकटा म्हणाला.

"का?"

"दोर तुटला तर ज्या रेषेत ताणलाय त्याच रेषेत उलटा येतो म्हणून."

"हेही ताणातलंच आहे. फक्त ताण वर डबीत दडलाय. काल रात्री त्यातलं काहीतरी तुटलं. सकाळी मोटरीनं एकटीनं सगळं ओझं ओढलं, आणि दमली. आता ते सगळं मोटरीच्या ब्रेकवर टांगलंय. तो ब्रेक सोडायला तू पोराला पाठवत होतास."

थोरला काही बोलला नाही. त्यानं पोराकडे बघितलं. पोरगं आजीच्या पदरात कोपर लपवून उभं होतं. थोरला तसाच पायरीवर बसला.

मग म्हाताऱ्यानं कामं सांगितली. बायको आणि पोरानं पडवीच्या पुढं यायचं नाही. रिमोट आईच्या कमरेला. शटरच्या समोर किंवा खाली कुणी उभं राहायचं नाही, जायचं झालं तर बाजूनं. धाकटा तांडेलाच्या परसातून टेकू घेऊन आला. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली की ती कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना लावतात ते जाड लाकडी टेकू. दोन उंचीला बेताचे निघाले.

"पट्टीखाली हात घालू नकोस," तांडेल म्हणाला. "बाहेर उभा राहा आणि लाकूड बाजूनं सरकव. एक या चॅनेलजवळ, एक त्या चॅनेलजवळ. मधे लावलास तर पट्टी वाकेल."

टेकू बसले. उरलेल्या फटीत लांब फळीनं पाचरी सरकवल्या. थोरल्यानं उठून मदत केली, पण आता तो प्रत्येक वेळी आधी वर बघत होता.

नंतर घरातलं दार उघडलं. दारात क्रेटांची भिंत उभी होती. वरचा क्रेट आधी, मग त्याखालचा, असे एकेक करून ते माजघरात आणले. माजघर भरलं, मग देवघरापुढची जागा भरली. सगळ्या घरात आंब्याचा वास पसरला. अर्धा तास गेला असेल. त्या अर्ध्या तासात थोरल्यानं एकदाही घड्याळ बघितलं नाही.

वाट झाल्यावर धाकटा आत गेला. त्यानं सर्वांत आधी मोटरीचा मेन स्विच बंद केला, कारण लाइट कधीही परत येऊ शकत होती. मग भिंतीला पाठ लावून, शटरखाली न जाता, त्यानं बॅटरीचा झोत वर टाकला. डाव्या डबीचं झाकण गंजून फुटलं होतं. त्यातून पोलादी पट्टीचं मोडकं टोक वीतभर बाहेर आलं होतं. मोडलेली कड आतून अजून पांढरी चकचकीत होती, बाकी सगळं तांबूस.

थोरल्यानं दारातून ते बघितलं.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "आता टेकू आहेत. आम्ही दोघांनी दोन टोकांनी धरून उचललं तर? गाडी तेवढी निघेल."

"स्प्रिंगा शाबूत असत्या आणि शटर खाली टेकलेलं असतं, तर मीच म्हणालो असतो उचला. आता नाही. दोघांच्या हातून एकदम सुटलं तर टेकू तरी काय करतील? हे फिटरचं काम आहे. आणि त्या डबीला तुम्ही कुणी पान्हा लावायचा नाही, कितीही सोपं वाटलं तरी. बाकीच्या स्प्रिंगांत अजून ताण आहे."

"आणि आंबा?"

तांडेलानं आभाळाकडे बोट दाखवलं. "तसाही तू आता धाऊलवल्लीपर्यंतसुद्धा पोचला नसतास."

शटरच्या खालची मोकळी जागा त्यांनी ताडपत्रीनं झाकली. दोर गाडीला बांधले. शटरला एकही गाठ मारली नाही. दुपारी वारा असा सुटला की खाडीच्या पलीकडचं काही दिसेना. माड जमिनीकडे वाकत होते. कुणाचे पत्रे उडत गेले, रस्त्यावर आंब्याची आणि काजूची झाडं आडवी झाली. घरातली सगळी माणसं आंब्याच्या क्रेटांमध्ये बसून राहिली, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

रात्री केव्हातरी खोलीतून पुन्हा आवाज झाला. या वेळी नारळ पडला असं कुणी म्हणालं नाही. धाकट्यानं दारातूनच बॅटरी टाकली. मोटरीचा ब्रेक सुटला होता. वरची गुंडाळी सैल पडली होती, पट्ट्या चॅनेलमधून फुगून बाहेर आल्या होत्या. पण तळपट्टी टेकूंवर होती तिथंच होती. डाव्या टेकूला मधोमध एक उभी चीर गेली होती.

थोरला ती चीर बघत बराच वेळ दारात उभा राहिला. आत जाऊन त्यानं झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण सारखं केलं आणि त्याच्या खरचटलेल्या कोपराला पुन्हा हळद लावली. पोरगं झोपेतच कुरकुरलं.

रस्ता मोकळा व्हायला दिवस गेले, लाइट यायलाही. आंबा तोवर पिकून हाताबाहेर गेला. काही वाटला, काही गावातच मिळेल त्या भावानं दिला, उरलेल्याची आईनं साठं घातली. त्या वर्षी थोरल्याचं नुकसान झालं, आणि ते लहान नव्हतं. वादळात ज्यांच्या बागाच मोडल्या त्यांच्यापुढं ते बोलून दाखवायचंही नव्हतं.

राजापूरहून फिटर आला तो दोन माणसं, साखळीचा कप्पा आणि लोखंडी घोडे घेऊन आला. त्यानं शटर कप्प्याला टांगलं, मगच डबीला हात घातला. एक मोडली म्हणून सगळ्याच स्प्रिंगा बदलल्या. मोटरही बदलली. काम झाल्यावर शटर पूर्ण खाली आणून त्यानं लाल गोळा ओढायला लावला, थोरल्याला आणि बायकोलाही. दोघांनी हातानं शटर वर नेलं. अर्ध्यावर सोडलं तर ते तिथंच राहिलं.

"हे बघा," फिटर म्हणाला. "अर्ध्यावर थांबतंय म्हणजे स्प्रिंगा ठीक आहेत. खाली कोसळू लागलं किंवा जड वाटलं, तर वापरू नका, मला बोलवा. पावसाळ्याआधी आणि दिवाळीला एकदा असं बघत जा. आणि ही दोरी शटर खाली टेकलेलं असतानाच ओढायची. मी मागंच सांगितलं होतं."

हेच ते वाक्य होतं, फोन वाजला तेव्हा राहून गेलेलं.

मोबाइलचं नेटवर्क सुरळीत झाल्यावर थोरल्याच्या मेव्हणीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिनं सगळं ऐकलं आणि सांगितलं की तिकडे अशीच मुलं गॅरेजच्या दाराखाली सापडून दगावली होती, म्हणून 1 जानेवारी 1993 नंतर बनलेल्या घरगुती मोटरींना, दाराखाली कुणी आलं तर दार उलटं वर जाईल अशी सोय सक्तीची झाली. जमिनीलगत दोन्ही बाजूंना डोळे बसवतात, मधे काही आलं की मोटर मागं फिरते. थोरल्यानं फिटरला विचारून तेही डोळे बसवून घेतले. बसवता बसवता फिटर म्हणाला, "हा डोळा मोटरीला थांबवतो. मोडलेल्या स्प्रिंगला नाही थांबवत." तांडेल शेजारीच बसला होता. त्यानं नुसती मान हलवली.

त्या सकाळी घरात खलाशी होता, घरचा कर्ता होता, पण कामाला आठवलं ते पोरगं. घाईचं हे असंच असतं. तिला नेहमी घरातलं सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं, हाक मारताच धावत येणारं माणूस आठवतं. सुरक्षित वाट त्याही दिवशी घरातच होती. तिच्यापुढं क्रेट होते एवढंच. ते हलवायला अर्धा तास लागत होता, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही असं एका माणसानं आभाळाकडे बघून ठरवून टाकलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात थोरल्यानं त्या खोलीत, घरातून येणाऱ्या दारापुढं, पिवळ्या रंगाचा चौकोन मारला. त्या चौकोनात काही ठेवायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. पोरानं ते फारच मनावर घेतलं. जूनला मासेमारी बंद झाली, धाकट्यानं नेहमीप्रमाणे जाळी विणायला घरी आणली आणि ती चौकोनाच्या कडेला टाकली, तर पोरगं फूटपट्टी घेऊन बसलं. आईनं मात्र एक दिवस भलामोठा फणस आणून बरोबर चौकोनाच्या मधोमध ठेवला.

"आजी, तिथं नाही ठेवायचं!"

"अरे, पिकेपर्यंत दोन दिवस. त्यानं कुणाचं काय अडतंय?"

पोरगं बापाकडे बघू लागलं. थोरल्यानं पिकअपच्या टायरमधली हवा बघायचं काम अर्धवट टाकलं, फणस खांद्यावर घेतला आणि माजघरात नेऊन ठेवला.

"इथं त्याच्या वासानं झोप लागणार नाही हो कुणाला," आई म्हणाली.

"नाही लागली तर नाही लागली," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.